कामाचा ताण, संस्थेचा आधार आणि कामातील अर्थ

१. प्रश्नाचे स्वरूप

'अर्थ' या शब्दाला मराठीत दोन अंगे आहेत. एका अंगाने तो द्रव्याचा वाचक आहे, तर दुसऱ्या अंगाने आशयाचा. मनुष्य नोकरी पत्करतो ती बहुधा पहिल्या अर्थासाठी, हे उघड आहे. परंतु दुसरा अर्थ नाहीसा झाला म्हणजे त्या नोकरीचे काय होते, हेही मराठी बोलणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. 'पाट्या टाकणे' हा वाक्प्रचार त्याच अवस्थेचे वर्णन करतो. काम चालू असते, वेतन मिळत असते, हातपाय हलत असतात. पण करणाऱ्याचे मन त्या कामात नसते आणि केलेल्या कामाचे पुढे काय होते याची त्याला फिकीरही नसते. याच्या उलट टोकाला 'जीव ओतून काम करणे' ही अवस्था आहे. एकच मनुष्य एकाच व्यवसायात, काही वर्षांच्या अंतराने, या दोन्ही अवस्थांतून जाऊ शकतो. तेव्हा हा भेद केवळ स्वभावाचा नव्हे, हे मान्य करावे लागते. त्याची कारणे कामाच्या रचनेतही शोधली पाहिजेत.

या बाबतीत एक सोपे उत्तर सर्वत्र प्रचलित आहे. कामाचा ताण वाढला की मनुष्याचे मन कामातून उडते. मालकाने किंवा संस्थेने त्याला आधार दिला की ते पुन्हा कामात रमते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. परंतु ते 'ताण' आणि 'आधार' या दोन्ही गोष्टी एकजिनसी समजते, आणि तेथेच ते अपुरे पडते. ताण अनेक प्रकारचा असतो, आधारही तसाच. किंबहुना एका प्रकारचा आधार असा आहे की, तो ताण हलका करण्याच्या हेतूनेच उभा केला जातो आणि कामातील अर्थ मात्र हिरावून घेतो. या विधानाचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मुख्यतः रुग्णपरिचर्येचे, म्हणजे परिचारिकांच्या कामाचे, उदाहरण घेतले आहे. कारण ज्याचा अर्थ सिद्ध करून दाखवावा लागत नाही आणि ज्यातील ताण कोणालाही नाकारता येत नाही, असे ते काम आहे.

२. संज्ञांचा विचार

प्रथम 'कामातील अर्थ' आणि 'कामातील समाधान' या दोन कल्पना वेगळ्या केल्या पाहिजेत. वेतन पुरेसे आहे, वेळ सोयीची आहे, सहकारी चांगले आहेत, म्हणून एखादा कर्मचारी समाधानी असू शकेल. तरीही आपल्या कामावाचून कोणाचे काही अडत नाही, असे त्याला मनातून वाटत असेल. उलट, रात्रभर एका अत्यवस्थ रुग्णाजवळ जागलेली परिचारिका सकाळी थकलेली असते, कदाचित दुःखीही असते. पण त्या रात्रीला अर्थ नव्हता, असे ती म्हणणार नाही. अर्थ ही सुखाची मोजणी नव्हे. केलेले काम कोणासाठी आहे, त्यातून काय निष्पन्न झाले आणि त्यात आपला वाटा कोणता, या तीन प्रश्नांची उत्तरे करणाऱ्याला दिसणे म्हणजे अर्थ, अशी कामचलाऊ व्याख्या येथे करता येईल.

अमेरिकन संशोधक रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ मध्ये मांडलेला विचार या व्याख्येशी जुळणारा आहे. त्यांच्या मते कामाची पाच वैशिष्ट्ये कर्मचाऱ्याच्या मनःस्थितीवर परिणाम करतात. त्यांपैकी तीन वैशिष्ट्यांतून अर्थाची जाणीव उत्पन्न होते : कामात लागणाऱ्या कौशल्यांचे वैविध्य, कामाचे पूर्णत्व (म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एक सबंध काम हाताखालून जाणे) आणि त्या कामाचे इतरांच्या जीवनातील महत्त्व. चौथे वैशिष्ट्य स्वायत्ततेचे. त्यातून जबाबदारीची जाणीव येते. पाचवे फलज्ञानाचे, आपल्या कामाचा परिणाम काय झाला, हे त्यातून कळते.

ताणाच्या बाबतीत रॉबर्ट कॅरासेक यांचा १९७९ चा निबंध महत्त्वाचा मानला जातो. स्वीडन व अमेरिका या देशांतील माहितीच्या आधारे त्यांनी असे दाखविले की, कामाचा रेटा एकटाच मनुष्याला खचवीत नाही. रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार थोडा, असा संयोग झाला म्हणजे मानसिक शीण सर्वांत अधिक होतो. रेटा मोठा असूनही अधिकार पुरेसा असेल, तर तेच काम मनुष्याला घडविणारे ठरू शकते. पुढे १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी स्वीडनमधील कामकरी लोकांच्या हृदयविकारांचा विचार करताना या दोन घटकांना कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या सामाजिक आधाराची जोड दिली. सन २००० मध्ये कॅव्हनॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक भेद केला : जबाबदारी, कामाचा व्याप, मुदतीची निकड यांतून येणारा आव्हानाचा ताण वेगळा, आणि संदिग्ध आज्ञा, कार्यालयीन राजकारण, निष्कारण लाल फीत यांतून येणारा अडथळ्याचा ताण वेगळा. अमेरिकेतील व्यवस्थापकांच्या त्यांच्या पाहणीत पहिल्या प्रकारच्या ताणाबरोबर नोकरीविषयी समाधान वाढलेले आढळले, तर दुसऱ्या प्रकारच्या ताणाबरोबर ते घटलेले.

संस्थेच्या आधाराची कल्पना रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये व्यवस्थित मांडली. संस्था आपल्या श्रमाची कदर करते आणि आपल्या हिताची काळजी वाहते की नाही, याविषयी प्रत्येक कर्मचाऱ्याची एक सर्वसाधारण समजूत बनत जाते. ती अनुकूल असेल तर परतफेडीच्या भावनेने त्याची संस्थेशी बांधिलकी वाढते. हा विचार मोलाचा आहे. परंतु त्यात आधार किती वाटतो, हे मोजले जाते. तो आधार कर्मचाऱ्याला कामाच्या जवळ नेतो की कामापासून दूर ठेवतो, हा प्रश्न मागे राहतो. त्यासाठी येथे दोन साधे शब्द वापरणे सोयीचे होईल : 'आडोसा' आणि 'पाठबळ'. आडोसा मनुष्य आणि त्याचे काम यांच्या मध्ये उभा राहतो. पाठबळ मनुष्याच्या मागे उभे राहते. दोन्ही आधारच. परंतु अर्थाच्या दृष्टीने त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत.

३. लंडनमधील एका रुग्णालयाचा अभ्यास

आडोशाचे सर्वांत सूक्ष्म वर्णन इझाबेल मेंझीज यांच्या अभ्यासात सापडते. लंडनच्या टाव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट ऑफ ह्यूमन रिलेशन्स या संस्थेत काम करणाऱ्या या मनोविश्लेषक विदुषीने त्याच शहरातील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातील परिचर्या-व्यवस्थेची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९६० मध्ये 'ह्यूमन रिलेशन्स' या नियतकालिकात आला. तेथे सुमारे ७०० परिचारिका होत्या. त्यांपैकी पूर्ण प्रशिक्षित अशा १५०, बाकीच्या विद्यार्थिनी. रुग्णांची प्रत्यक्ष सेवा बव्हंशी या विद्यार्थिनींच्याच हातून होत असे. रुग्णालयाने मदत मागितली होती ती एका व्यवहारी अडचणीसाठी. वॉर्डांना माणसे किती हवीत आणि विद्यार्थिनींच्या शिक्षणासाठी त्यांना कोणता अनुभव मिळायला हवा, या दोन गरजांचा मेळ बसत नव्हता. परंतु चौकशी पुढे गेली तसतसे या अडचणीच्या तळाशी असलेले दुखणे दिसू लागले. जवळजवळ एक-तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अपुरे सोडून जात होत्या. आणि त्यांपैकी बहुसंख्य परीक्षेतील अपयशामुळे नव्हे, तर आपण होऊन जात होत्या. किरकोळ आजारपणाच्या रजाही पुष्कळ होत्या.

या दुखण्याचे मूळ कामाच्या स्वरूपातच आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. वेदना, विद्रूपता आणि मृत्यू यांच्याशी परिचारिकेचा रोजचा संबंध. सामान्य जीवनात किळसवाणी व भीतिदायक मानली जाणारी कामे तिला करावी लागतात. रुग्णाविषयी तिला करुणा वाटते, पण कधी संतापही येतो. बरे न होणाऱ्या रुग्णापुढे अपराधीपणाची भावना दाटून येते. रुग्ण आणि त्याचे नातेवाईक आपल्या भीतीचा भारही तिच्यावर टाकतात. मेंझीज यांनी हे सारे मान्य केले. पण एवढ्याने तेथील चिंतेचा पूर्ण उलगडा होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा भार पेलण्यासाठी रुग्णालयाने पिढ्यान्‌पिढ्या जी व्यवस्था घडविली होती, तिचीच त्यांनी तपासणी केली.

ही व्यवस्था अशी होती. एका परिचारिकेकडे काही ठरावीक रुग्ण संपूर्णपणे सोपविले जात नसत. तिच्याकडे कामांची यादी असे. एकीने सर्वांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सर्वांची अंथरुणे घालायची, तिसरीने सर्वांची भांडी न्यायची. त्यामुळे प्रत्येक परिचारिकेचा अनेक रुग्णांशी थोडाथोडा संबंध येई आणि कोणाशीही पुरता संबंध येत नसे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने, रोगाच्या नावाने किंवा बिघडलेल्या अवयवाच्या नावाने होई. विद्यार्थिनींना या वॉर्डातून त्या वॉर्डात, पुष्कळदा आयत्या वेळी, हलविले जाई. आणि चांगल्या परिचारिकेला अशा बदलीचे काही वाटता कामा नये, अशी शिकवण होती. लहानसहान निर्णयही ठरावीक पद्धतीत बसविलेले असत आणि ते पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले जात. जबाबदारी वरच्या पायरीकडे ढकलण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक होती. एखादी विद्यार्थिनी रुग्णाच्या मृत्यूने हेलावली, तर तिला धीराने घेण्याचा कोरडा उपदेश मिळे. वरिष्ठांना कणव नव्हती असे नाही. खाजगीत त्या सहानुभूतीने बोलत. पण ती कणव कामाच्या वेळी व्यक्त करण्याची वाट त्या व्यवस्थेत नव्हती.

४. आडोशाची किंमत

या प्रत्येक प्रथेमागील हेतू एकच आहे, असे मेंझीज यांनी दाखविले. रुग्णाशी जवळीक झाली नाही म्हणजे त्याच्या मृत्यूचे दुःख होणार नाही. निर्णय आपला नसेल तर चुकीचा दोषही आपला नसेल. नाव घेतले नाही म्हणजे माणूस फार आठवणार नाही. येथे कोणी दुष्टपणे वागत नव्हते. संस्था आपल्या कर्मचाऱ्यांचे रक्षण करू पाहत होती. सारी व्यवस्था म्हणजे परिचारिका आणि तिची चिंता यांच्या मध्ये घातलेली एक भिंत होती.

परंतु ज्या रुग्णाकडून चिंता येते, त्याच रुग्णाकडून कामाचा अर्थही येतो. एकच वाट दोघांना सामाईक आहे. ती बंद केली की दोन्ही थांबतात. हॅकमन व ओल्डहॅम यांनी पुढे सोळा वर्षांनी दिलेल्या संज्ञा येथे लावून पाहिल्या तर हे अधिक स्पष्ट होते. काम यादीप्रमाणे तोडले गेल्यामुळे त्याचे पूर्णत्व गेले. माणसाच्या जागी खाटेचा क्रमांक आल्यामुळे त्याचे महत्त्व डोळ्यांआड झाले. अवचित बदल्यांमुळे रुग्ण बरा होऊन घरी गेला की नाही, हे परिचारिकेला कळेना. म्हणजे फलज्ञान गेले. पडताळणीवर पडताळणी असल्यामुळे स्वायत्तताही उरली नाही. रुग्णांची कृतज्ञतासुद्धा अमुक एका परिचारिकेला न मिळता एकंदर परिचारिकांना किंवा रुग्णालयाला मिळे. जिच्या हाताने सेवा झाली, तिच्या ओंजळीत त्यातले काही पडत नसे.

शिवाय आडोशाने मूळचा ताण नाहीसा झाला नाही. तो दडपला गेला आणि त्याच्या जोडीला नवा ताण उत्पन्न झाला. अवचित बदलीची धास्ती, चुकीची अतोनात भीती, आपल्या कुवतीपेक्षा हलके काम करावे लागत असल्याची बोच, या गोष्टी रोगातून आलेल्या नव्हत्या. त्या व्यवस्थेतून आल्या होत्या. नंतरच्या संशोधकांच्या भाषेत सांगायचे तर, आव्हानाचा ताण टाळण्यासाठी अडथळ्याचा ताण पत्करला गेला.

यातील सर्वांत चिंताजनक निरीक्षण सोडून जाणाऱ्या विद्यार्थिनींविषयी आहे. ज्यांना काम झेपत नाही त्या जात असतील, अशी सर्वसाधारण कल्पना असते. मेंझीज यांना नेमके उलट चित्र दिसले. सोडून जाणाऱ्यांत मनाने अधिक परिपक्व आणि योग्य शिक्षण मिळाल्यास अधिक वाढू शकल्या असत्या, अशाच विद्यार्थिनी पुष्कळ असाव्यात, असे त्यांचे मत झाले. जिला रुग्णाजवळ जाण्याचे बळ आहे, तिलाच आडोशाचा जाच अधिक होणार, हे तर्काला धरूनही आहे. अशी व्यवस्था वर्षानुवर्षे चालली म्हणजे ती आपल्याला साजेशी माणसे मागे ठेवते आणि पुढे तीच वरिष्ठ होतात. बदलाच्या सूचनेला विरोध होतो तोही यामुळेच. कारण आडोसा काढायचा म्हणजे इतकी वर्षे दूर ठेवलेल्या चिंतेला सामोरे जायचे.

या अभ्यासाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. तो एकाच रुग्णालयाचा आहे आणि त्याची मांडणी मनोविश्लेषणाच्या परिभाषेत केलेली आहे. ती परिभाषा सर्वांना मान्य होईलच असे नाही. परंतु जी रचना तेथे वर्णिली आहे ती परिभाषेवर अवलंबून नाही, आणि तिच्या विरुद्ध दिशेने केलेले प्रयोग इतरत्र उपलब्ध आहेत.

५. अहमदाबादचा प्रयोग

त्यांपैकी एक प्रयोग भारतातलाच, आणि तोही टाव्हिस्टॉक संस्थेच्याच ए. के. राइस यांनी केलेला आहे. त्या वेळच्या मुंबई राज्यातील अहमदाबाद येथे कॅलिको मिल्समध्ये स्वयंचलित माग (गिरणीच्या बोलीत 'साचे') बसविले होते. पण उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते आणि कापडातील खराबी कमी होत नव्हती. राइस यांनी १९५३ मध्ये पाहणी केली तेव्हा त्यांना आढळले की, विणकर, बॉबिन भरणारे, तुटलेले धागे सांधणारे, तेल घालणारे, झाडणारे अशी कामे तोडून वाटली आहेत आणि प्रत्येक प्रकारच्या कामगाराकडे मागांची संख्या वेगवेगळी आहे. त्यामुळे कोणत्याही मागासाठी कोणताही एक ठरावीक गट जबाबदार नव्हता. यंत्रे नवी होती. कामगारही कुशल होते. नव्हती ती जुळणी.

एका लहान गटाकडे काही मागांची संपूर्ण जबाबदारी द्यावी, अशी कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच बनविले. आरंभीच्या सुधारणेनंतर काही काळ घसरण झाली. पण पुढे उत्पादन वाढून स्थिरावले आणि खराबी घटली. राइस यांचा या प्रयोगावरील ग्रंथ १९५८ मध्ये निघाला. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा मात्र निकाल संमिश्र होता. साध्या मागांच्या एका प्रायोगिक विभागात गटपद्धती सोळा वर्षांनंतरही जवळजवळ तशीच टिकून होती. इतरत्र ती कमीअधिक प्रमाणात जुन्या वळणावर गेली होती. ही गिरणी आता अस्तित्वात नाही.

गिरणीतील ताण आणि रुग्णालयातील ताण एका जातीचे नाहीत. मागाशेजारी मृत्यूची सावली नसते. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. सबंध काम तोडून वाटले की प्रत्येकाची चूक दुसऱ्याच्या खात्यावर जाते आणि श्रेयही कोणाच्या खात्यावर पडत नाही. अहमदाबादच्या व्यवस्थापनाने कामगारांना दिलासा दिला नाही, की त्यांच्या कामाचा वेग कमी केला नाही. त्याने त्यांच्या हाती सबंध काम दिले. हे पाठबळाचे उदाहरण होय. मिलर यांच्या पाहणीतून मिळणारा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे : पाठबळ एकदा देऊन भागत नाही, ते राखावे लागते.

६. परिचर्येतील उलट दिशा

रुग्णपरिचर्येच्या क्षेत्रात या दिशेचे ठळक पाऊल १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात पडले. मेरी मॅन्थी यांच्या पुढाकाराने तेथे 'प्रायमरी नर्सिंग' ही पद्धती सुरू झाली. प्रत्येक रुग्णाची एक मुख्य परिचारिका ठरलेली असते. त्याच्या परिचर्येची आखणी ती करते, तिच्या अनुपस्थितीत इतरजणी त्या आखणीप्रमाणे वागतात आणि रुग्ण घरी जाईपर्यंत त्याची जबाबदारी तिचीच राहते. मेंझीज यांच्या रुग्णालयातील यादीच्या जागी येथे रुग्ण आला. दुःख होण्याचा संभव अर्थातच वाढला. पण आपल्या रुग्णाचे काय झाले, हे कळण्याचा हक्कही परत आला.

दुसरे उदाहरण नेदरलँड्समधील आहे. त्या देशात घरी जाऊन करावयाच्या परिचर्येचे काम प्रकारांत आणि मिनिटांत विभागले गेले होते : इंजेक्शन एकीने द्यायचे, पट्टी दुसरीने बांधायची, अंघोळ तिसरीने घालायची. स्वतः परिचारक असलेल्या योस द ब्लोक यांनी २००६ मध्ये 'ब्यूर्टझॉर्ख', म्हणजे वस्तीतील परिचर्या, या नावाची संस्था स्थापन केली. तिच्यात जास्तीत जास्त १२ जणांचे गट असतात. वेळापत्रक, रजा, नव्या माणसांची निवड या गोष्टी गट स्वतः ठरवितो. गटावर व्यवस्थापक नसतो. गट अडचणीत आला तर सल्ला देणारे मार्गदर्शक असतात आणि हिशेब, बिले वगैरे कामे एक लहान मध्यवर्ती कार्यालय उरकते. येथे संस्थेने कोणता भार उचलला आणि कोणता उचलला नाही, हे पाहण्यासारखे आहे. कागदपत्रांचा भार तिने आपल्याकडे घेतला. रुग्णाचा भार परिचारिकेकडेच ठेवला. आडोसा आणि पाठबळ यांतील फरक यापेक्षा नेमका सांगणे कठीण आहे.

७. पाठबळाच्या मर्यादा

या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, कामाची रचना अर्थपूर्ण केली म्हणजे कितीही भार टाकला तरी चालेल. हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, पण धोक्याचाही आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांची पाहणी करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की परिचारिका मनाने पूर्ण थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, नोकरीविषयी असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. हातात वेळच नसेल, तर 'माझा रुग्ण' ही भावना पाठबळ न राहता टोचणी होते. जे करणे आवश्यक आहे ते समोर दिसते आणि करता येत नाही. म्हणून पुरेशी माणसे नेमणे हा पाठबळाचा पहिला भाग मानला पाहिजे. इतर सर्व त्यानंतर.

दुसरा धोका अर्थाच्या गैरवापराचा. बंडरसन आणि थॉम्पसन यांनी अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या सेवकांचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखविले की, आपले काम हे जीवितकार्य आहे असे मानणारे सेवक त्यासाठी कमी वेतन आणि गैरसोय सोसायला तयार असतात. आणि त्यामुळे व्यवस्थापनाकडून त्यांचे शोषण होण्याचा संभव वाढतो. परिचारिका, शिक्षक, समाजसेवक यांच्या 'सेवाभावा'चा गौरव ज्या भाषणांत होतो, त्याच भाषणांत त्यांच्या वेतनाचा विषय टाळलेला असतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शब्दाचा दुसरा अर्थ देऊन पहिला अर्थ चुकविता येत नाही.

तिसरी मर्यादा संस्थेच्या सामर्थ्याची आहे. कॅथरीन बेली आणि एड्रियन मॅडन यांनी दहा भिन्न व्यवसायांतील १३५ व्यक्तींच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये त्यांचे सार प्रसिद्ध केले. कामात अर्थ केव्हा जाणवला, असे विचारता लोकांनी वरिष्ठांच्या नेतृत्वाचा उल्लेख क्वचितच केला. पण अर्थ केव्हा हरपला, असे विचारता वरिष्ठांच्या वागणुकीचा उल्लेख वारंवार झाला. म्हणजे संस्था अर्थ निर्माण करू शकते त्यापेक्षा कितीतरी सहजपणे तो नष्ट करू शकते. अर्थ कर्मचारी आणि त्याचे काम यांच्या संबंधातून उगवतो. मालकाचे कर्तव्य त्याच्या आड न येणे आणि तो टिकेल अशी परिस्थिती राखणे, एवढेच आहे. 'एवढेच' म्हटले तरी ते थोडे नव्हे.

या दृष्टीने कर्मचारी-कल्याणाच्या सध्याच्या उपक्रमांकडे पाहणे उद्बोधक आहे. विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीची छाननी करून २०२४ मध्ये असे दाखविले की, ताणनियंत्रणाचे वर्ग, मनःशांतीचे धडे, निद्रेविषयीची साधने अशा व्यक्तिनिष्ठ उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी भाग न घेणाऱ्यांपेक्षा अधिक स्वस्थ आढळत नाहीत. अपवाद एकच दिसला : इतरांसाठी स्वेच्छेने काम करण्याची संधी. ही एका वेळची तुलना असल्यामुळे तिच्यावरून कार्यकारणभाव ठामपणे सांगता येणार नाही. तरी त्या अपवादाची दिशा लक्षणीय आहे. जेथे कर्मचाऱ्याला त्याच्या ताणापासून काही काळ दूर नेले, तेथे फरक दिसला नाही. जेथे त्याला दुसऱ्या माणसाच्या उपयोगी पडता आले, तेथे दिसला.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे सांगता येईल. कामाचा ताण आणि कामाचा अर्थ ही तराजूची दोन पारडी नव्हेत. अनेक व्यवसायांत त्यांचा उगम एकच असतो. म्हणून ताण कमी करण्याचा प्रत्येक उपाय अर्थाच्या कसोटीवरही तपासला पाहिजे. संस्थेने दिलेला आधार कर्मचाऱ्याला त्याच्या कामापासून दूर ठेवीत असेल, तर तो ताणही पुरता निवारीत नाही आणि पाट्या टाकण्याची सवय मात्र लावतो. पुरेशी माणसे, सबंध काम, निर्णयाचा अधिकार, फलाचे ज्ञान आणि चूक झाल्यास मागे उभे राहणारा वरिष्ठ, या स्वरूपात तो मिळाला, तर ताण राहूनही सुसह्य होतो.

पदव्युत्तर संशोधनाच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य सूचना निघते. कर्मचाऱ्यांना आधार किती वाटतो, हे प्रश्नावलीने मोजण्याची पद्धती रूढ आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. परंतु तिच्या जोडीला एखाद्या रुग्णालयातील वॉर्डात, शाळेत किंवा कारखान्यातील खात्यात बसून चार साध्या गोष्टींची नोंद करता येईल : काम कसे वाटले जाते, ज्याच्यासाठी ते केले जाते त्याचा उल्लेख नावाने होतो की क्रमांकाने, केलेल्या कामाचा परिणाम करणाऱ्यापर्यंत पोचतो की नाही, आणि एखादा कठीण प्रसंग घडून गेल्यावर त्याविषयी बोलण्यास जागा आहे की नाही. या नोंदी आणि प्रश्नावलीची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे कोणता आधार आडोसा आहे आणि कोणता पाठबळ, हे त्या त्या ठिकाणापुरते ठरविता येईल. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचीही अशीच चौकशी व्हावी. कारण मेंझीज यांचे निरीक्षण खरे असेल, तर संस्थेत काय हरवले आहे हे सांगू शकणारी माणसे पुष्कळदा तिच्या बाहेरच भेटतील.